मतदार यादीत तुमचा पक्ष लिहिलेला असतो का? इंदूरची यादी आणि अमेरिकेतली नोंदणी

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात अशी मराठी घरं पुष्कळ आहेत, ज्यांचा मुलगा न्यूजर्सीत आहे, पुतणी टेक्सासमध्ये आणि भाचा कॅलिफोर्नियात. यांतल्या कोणाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की मतदार नोंदणीचा अर्ज समोर येतो आणि त्यात बऱ्याचदा एक रकाना असतो: पक्ष. मग घरी फोन होतो. आईबाबांना पडणारे प्रश्न अगदी रास्त असतात. आपण कोणाचे हे सरकारी कागदावर लिहून कशाला द्यायचं? आणि एकदा लिहिलं की मत त्याच पक्षाला द्यावं लागतं का?

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्याने मोबाइलवरून पक्षाची सदस्यता करून दिली, म्हणजे मतदार यादीतही नाव चढलं, असं समजून निर्धास्त राहणारे तरुण आपल्याकडे आहेत. मतदानाच्या दिवशी बूथवर गेल्यावर त्यांना कळतं की यादीत नाव नाही, आणि त्या दिवशी त्यावर काहीच उपाय नसतो.

भारतात पक्ष लिहिला जातो तो उमेदवाराच्या नावापुढे; मतदाराच्या नावापुढे कधीच नाही. अमेरिकेतल्या सुमारे ३० राज्यांत तो मतदाराच्या नावापुढेही लिहिता येतो. पण त्याने बांधली जाते ती अंतिम मतदानाच्या आधीची एक फेरी. अंतिम मत दोन्ही देशांत सारखंच मोकळं आणि सारखंच गुप्त असतं. एवढं धरून ठेवलं की बाकीचं उलगडत जातं.

आपल्या यादीत काय असतं आणि काय नसतं

नवीन नाव नोंदवायचं तर फॉर्म ६ भरायचा. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, एका नातेवाईकाचं नाव, फोटो आणि वयाचा-पत्त्याचा पुरावा. पक्षाचा रकाना नाही, जातीचा नाही, धर्माचाही नाही. पूर्वी वय १ जानेवारीलाच मोजत, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर फॉर्म ८. कोणाचं नाव काढायचं असेल किंवा नावावर हरकत असेल तर फॉर्म ७. नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशात विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे यादीची घरोघर फेरतपासणी, सुरू झालं, तेव्हा घरोघर वाटलेल्या फॉर्ममध्ये जुन्या यादीतल्या नावाचा दुवा विचारला होता. पक्ष तेव्हाही कोणी विचारला नाही.

मग पक्षाच्या माणसांकडे आपलं नाव, घर नंबर आणि वय कसं असतं? कारण यादी त्यांना कायद्यानेच मिळते. मान्यताप्राप्त पक्षांना प्रारूप आणि अंतिम अशा दोन्ही याद्यांच्या प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. यादीच्या एका पानावर साधारण ३० नावं असतात. पाठपोट धरली तर एका कागदावर ६० पर्यंत. त्या एका पानाची जबाबदारी ज्याच्याकडे, तो पन्ना प्रमुख. हा शब्द मध्य प्रदेशात आणि गुजरातेत आता इतका रुळलाय की मराठी घरातही त्याला दुसरं नाव नाही. पानावरच्या प्रत्येक घरी जाऊन हा माणूस आपल्या प्रतीवर खुणा करतो: हे आपले, हे समोरचे, हे काठावरचे. ही खूण त्याच्या अंदाजाची असते. सरकारी यादीत ती जात नाही आणि तिला कायद्याने काही किंमतही नाही.

इथे दोन माणसांची गल्लत होते, ती टाळलेली बरी. बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) हा निवडणूक आयोगाचा, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्ती. बीएलए (बूथ लेव्हल एजंट) हा पक्षाने नेमलेला. बीएलए तुमचा भरलेला फॉर्म बीएलओपर्यंत पोचवू शकतो, त्यात गैर काही नाही. गडबड होते ती पावती न घेतल्यामुळे. फॉर्म कार्यकर्त्याच्या पिशवीत राहिला तर कुठे दाद मागणार? ऑनलाइन भरला असेल तर संदर्भ क्रमांक जपून ठेवा, बीएलओकडे दिला असेल तर पोच मागून घ्या, आणि महिन्याभराने नाव यादीत दिसतं का ते स्वतः तपासा. हे काम कोणावर सोपवू नये, अगदी आपल्याच पक्षाच्या माणसावरही नाही.

फॉर्म ७ जास्त नाजूक. त्या मतदारसंघातला कोणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो, आणि पक्षीय चुरस वाढली की एकमेकांची मतं कापण्यासाठी याचा वापर होण्याची भीती असते. म्हणूनच नाव काढण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याने नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. खोटी माहिती लिहून देणाऱ्याला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि कोणी घेतली नाही, तर माणूस हयात असून, इंदूरातच राहत असून नाव जातं. भाड्याची घरं बदलणाऱ्यांनी फॉर्म ८ वेळेवर भरण्याचं खरं कारण हे आहे.

पक्षाचं नातं कागदावर येतं ते कुठे

मतदार यादीत पक्ष नसला तरी मतदाराचं पक्षाशी नातं काही मोजक्या सरकारी कागदांवर उमटतं.

पहिला कागद पक्ष नोंदणीचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम २९ अ प्रमाणे नवा पक्ष नोंदवायचा तर किमान १०० सदस्य लागतात. ते सगळे नोंदलेले मतदार असावे लागतात आणि आपण दुसऱ्या कुठल्या पक्षाचे सदस्य नाही असं त्यांना शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. पक्ष बदलणं हा सामान्य माणसाच्या बाबतीत गुन्हा नाही. पक्षांतरबंदी, म्हणजे १९८५ ची दहावी अनुसूची, सांसद आणि विधायकांना लागू आहे, तुम्हा-आम्हाला नाही. पण शपथपत्रावर खोटं लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा कागद उमेदवारी अर्ज. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. प्रस्तावक त्याच मतदारसंघातला मतदार असला पाहिजे, एवढीच अट. तो कुठल्या पक्षाचा आहे हे कोणी विचारत नाही. पण सही खरी हवी. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराच्या प्रस्तावकांनी सह्या आपल्या नाहीत असं सांगितलं, अर्ज बाद झाला आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. शेजाऱ्याने "भाऊ, इथे जरा सही करा" म्हणून कागद पुढे केला तर आधी तो वाचावा.

तिसरा कागद मतदान प्रतिनिधीचा, फॉर्म १०. उमेदवाराच्या वतीने बूथमध्ये बसणारा माणूस या कागदावर नेमला जातो, त्यामुळे तो कोणाकडून आहे हे उघडच असतं. सरकारी नोकराने हे काम केलं तर त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १३४ अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सरकारी नोकरीतल्यांचा विषय आलाच आहे, तर तो नीट सांगितला पाहिजे. इंदूरच्या मराठी घरांत शाळा, बँका, वीज मंडळ, विद्यापीठ इथे नोकरी करणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केंद्र सरकारच्या १९६४ च्या आचरण नियमांतला नियम ५ सांगतो की कर्मचाऱ्याने कुठल्याही राजकीय पक्षाचं सदस्य होऊ नये. मत देण्याचा हक्क त्याला पूर्ण आहे. मात्र मत कोणाला देणार किंवा कोणाला दिलं याची सूचनाही त्याने देऊ नये. म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोटाची शाई दाखवायला हरकत नाही, पण सोबत पक्षाचं चिन्ह टाकलं तर नियम मोडला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मध्य प्रदेशाचे १९६५ चे आचरण नियम आहेत, आणि बँका-मंडळांचे आपापले. आपल्याला कोणते लागू आहेत ते बघूनच सदस्यतेचं बटण दाबावं, कारण मिस्ड कॉलने झालेली सदस्यता हीसुद्धा सदस्यताच.

मत गुप्त, मोहल्ला उघडा

बूथवर फॉर्म १७ अ मध्ये तुमचा यादीतला क्रमांक लिहून सही घेतात. मशीनला तुमचं नाव माहीत नसतं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते आणि आत पडते. तुम्ही कोणाला मत दिलं हे सांगायला तुम्हाला कोर्टसुद्धा भाग पाडू शकत नाही. इथवर गुप्तता चोख आहे.

तिची कड विरते ती पुढे. निकालानंतर फॉर्म २० मध्ये बूथवार मतं जाहीर होतात आणि एका बूथवर आता जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचं धोरण आहे. म्हणजे दोन-चार गल्ल्यांनी मिळून कोणाला किती मतं दिली हे कोणालाही वाचता येतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत, त्यामुळे गल्ली लपून राही. मशीनवरही असं करता यावं म्हणून टोटलायझर नावाचं यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, पण ते वापरात आलं नाही. आमच्या मते हे अर्धवट राहिलेलं काम आहे. "तुमच्या बूथने आम्हाला मतं दिली नाहीत" असं पार्षदाच्या माणसाने नळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईंना सुनावणं, ही पक्षनिष्ठेची किंमत मतदाराने मोजणंच आहे. मग यादीत पक्षाचा रकाना असो वा नसो.

पर्चीबद्दलही, म्हणजे मतदाराचा यादीतला क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीबद्दलही, लोकांच्या मनात अशीच धाकधूक असते. बूथपासून २०० मीटरच्या बाहेर पक्षांची टेबलं लागतात. तिथे मिळणारी पर्ची साध्या पांढऱ्या कागदावर असायला हवी, तिच्यावर पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह चालत नाही. कुठल्या टेबलावरून पर्ची घेतली यावरून बघणारे अंदाज बांधतात, ते त्यांना बांधू द्या. नको वाटलं तर क्रमांक घरूनच मोबाइलवर बघून निघा. बूथवर लागतं ते ओळखपत्र. पर्ची ओळखपत्राच्या जागी चालत नाही, आयोगाची असली तरीही.

आपल्या पक्षाचा उमेदवारच नसेल तर? इंदूरने हे २०२४ मध्ये अनुभवलं. २९ एप्रिलला काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी अर्ज मागे घेतला, दुसरा उमेदवार द्यायची मुदत टळून गेली होती, आणि १३ मे रोजी मतदान झालं. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं घेऊन जिंकले आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१ हजारांच्या आसपास. नोटा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आला, पण त्याने निकाल बदलत नाही. नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला अधिक मतं तोच लोकसभेवर जातो. पक्षाला मानणाऱ्या मतदाराचा हक्क पक्षाच्या एका सहीवर किती अवलंबून आहे, हे त्या दोन आठवड्यांत शहराला कळलं.

आणि इथेच अमेरिकेतल्या त्या रकान्याचा धागा जुळतो. आपल्याकडे उमेदवार कोण हे पक्षाचे नेते ठरवतात, मतदार नाही. २०१४ मध्ये काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार आतल्या मतदानाने निवडायचा प्रयोग केला होता. त्यात इंदूरही होतं आणि वडोदराही. पण मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी, सामान्य मतदार नव्हेत. वडोदऱ्यात तर निवडून आलेल्या नरेंद्र रावत यांना, नरेंद्र मोदी तिथून उभे राहणार हे ठरल्यावर, मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला व्हावं लागलं. प्रयोग पुढे चालला नाही.

अमेरिकेत तो रकाना कशासाठी

अमेरिकेत ही आतली निवड सरकारी खर्चाने, सरकारी मतपेटीत, सामान्य मतदारांकडून होते. तिला प्रायमरी म्हणतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी काही महिने ती होते. आता ज्या पक्षाचा उमेदवार निवडायचा त्याच पक्षाच्या लोकांनी मत द्यावं, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण तो माणूस त्या पक्षाचा आहे हे कळणार कसं? म्हणून नोंदणीच्या अर्जात तो रकाना. त्यासाठी वर्गणी नाही, सदस्यतेचं कार्ड नाही, पक्षाची परवानगीही लागत नाही. खूण केली की झालं. आपल्याकडच्या सदस्यतेशी तिची तुलना करू नये. ती फक्त कुठल्या दारातून आत जायचं त्याची चिठ्ठी आहे.

नोव्हेंबरात ही चिठ्ठी कोणी बघत नाही. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला मतदार रिपब्लिकन उमेदवाराला मत देऊ शकतो, किंवा राष्ट्राध्यक्षासाठी एकाला आणि स्थानिक पदासाठी दुसऱ्याला.

खरी गुंतागुंत ही की प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. एकाच घरातली चार भावंडं चार राज्यांत असतील तर चौघांना चार उत्तरं द्यावी लागतात.

न्यूयॉर्कमधला मुलगा सर्वांत कडक नियमात सापडतो. तिथे नोंदलेल्या सदस्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत. आधीच नोंदणी झालेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे. त्यानंतर आला तर जूनची प्रायमरी होऊन जाईपर्यंत तो पडून राहतो. पूर्वी ही मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपायची. २०१६ मध्ये इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना एप्रिलच्या प्रायमरीत स्वतःच्या वडिलांनाच मत देता आलं नाही, कारण त्यांनी वेळेत रिपब्लिकन म्हणून नोंद केली नव्हती. लांबच्या मुदती घटनेत बसतात का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्येच गेला होता आणि न्यायालयाने न्यूयॉर्कचा नियम टिकवला. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडाही याच कडक गटातले, फक्त मुदती वेगळ्या: पहिल्यात प्रायमरीआधी १५ दिवस, दुसऱ्यात २९. केंटकीत आदल्या वर्षीची ३१ डिसेंबर.

न्यूजर्सी जरा सैल आहे. रकाना कोरा ठेवलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी बूथवर जाऊन पक्ष सांगू शकतो आणि मत देऊ शकतो. मात्र तसं केलं की नोंद त्या पक्षाची होते, आणि पुन्हा कोरी करायची तर वेगळा अर्ज भरावा लागतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी. हे ५५ दिवसच बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत.

टेक्सासमधल्या पुतणीला अर्जात पक्षाचा रकाना सापडणारच नाही. तो तिथे नाहीच. मार्चमधल्या प्रायमरीत ती कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकते. पण एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की त्या वर्षापुरती ती त्या पक्षाची धरली जाते, आणि दुसरी फेरी झाली तर दुसऱ्या पक्षाच्या फेरीत तिला मत देता येत नाही. वर्ष संपलं की पाटी कोरी. नोंदणी मात्र मतदानाच्या ३० दिवस आधी झालेली हवी.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहं आणि राज्यातली पदं यांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, सगळे मतदार मत देतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात समोरासमोर येतात. दोघे एकाच पक्षाचे असले तरीही. फ्रीमाँटच्या परिसरातल्या मतदारसंघात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये माइक होंडा आणि रो खन्ना लढले, दोघेही डेमोक्रॅट. पहिल्यांदा होंडा जिंकले, दुसऱ्यांदा खन्ना. अशा वेळी रिपब्लिकन आणि पक्ष न लिहिलेल्या मतदारांचं मत निर्णायक होऊ शकतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मात्र हा नियम नाही. तिथे पक्ष न लिहिलेल्याला डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मुद्दाम मागून घ्यावी लागते, आणि रिपब्लिकन पक्षाची मिळतच नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक खड्डा आहे, जो इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही चुकवतो. "आपण कोणाचेच नाही" असं लिहायचं असेल तर "नो पार्टी प्रेफरन्स" निवडायचं. तिथे "अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी" नावाचा एक खराखुरा, उजव्या विचारांचा पक्ष आहे. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र असं समजून लोक त्यावर खूण करतात आणि नकळत त्या पक्षाचे होतात. २०१६ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने पाहणी केली, तेव्हा त्या पक्षात नोंदलेल्या चारपैकी जवळजवळ तिघांना आपण त्या पक्षात आहोत हे माहीतच नव्हतं.

कोलोरॅडोमध्ये पक्ष न लिहिलेल्या मतदाराला दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतपत्रिका टपालाने घरी येतात. एकच भरून परत पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद.

मग काय लिहावं

ज्या भागात एकाच पक्षाचं वजन आहे, तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक असते. न्यूयॉर्क शहरात जून २०२५ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवलं, नोव्हेंबरात कुओमो अपक्ष म्हणून पुन्हा समोर आले आणि पुन्हा हरले. जूनच्या त्या फेरीत पक्ष न लिहिलेल्या १० लाखांहून अधिक मतदारांना मतच नव्हतं. ज्याला स्थानिक शाळा, कर, घरं यांबद्दल कळकळ आहे आणि जो कडक नियमाच्या राज्यात राहतो, त्याने तिथल्या वजनदार पक्षाचं नाव लिहावं असं आम्ही स्पष्ट सांगू. ही निष्ठेची शपथ नाही. सैल राज्यांत रकाना कोरा ठेवला तरी फारसं अडत नाही.

कोरा ठेवण्याच्या बाजूने एक कारण खरं आहे: खासगीपणा. अनेक राज्यांत मतदाराचं नाव, पत्ता, पक्ष आणि त्याने कुठल्या निवडणुकांत मतदान केलं ही माहिती उमेदवारांना आणि पक्षांना मिळू शकते. कोणाला मत दिलं ते नाही. पक्ष लिहिला की पत्रकं, फोन, मेसेज यांचा ओघ सुरू होतो. मतदारसंघांच्या सीमा आखणारेही हे आकडे बघतात. दुसरीकडे काही कामं पक्ष लिहिल्याशिवाय करताच येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीच्या उमेदवारासाठी सह्यांचा अर्ज असतो, त्यावर त्या पक्षात नोंदलेल्यांच्याच सह्या चालतात, इतरांच्या बाद. आपल्या प्रस्तावकाला पक्ष विचारत नाहीत, त्याच्या अगदी उलट.

नोकरीची चिंता बरेच आईवडील करतात. अमेरिकेतला केंद्र सरकारचा कर्मचारीही पक्ष नोंदवू शकतो. १९३९ चा हॅच कायदा त्याला कामाच्या वेळेत प्रचार करण्यापासून अडवतो, नोंदणीपासून नाही. नागरिकत्वाच्या अर्जात पक्षाचा प्रश्न येतो तो कम्युनिस्ट आणि एकाधिकारवादी पक्षांच्या सदस्यत्वाबद्दल. भारतात असताना कधी डाव्या पक्षाचं किंवा त्याच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं असेल तर ते लपवू नये, आधी वकिलाला विचारावं.

ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही, म्हणजे कामाचा व्हिसा आहे किंवा ग्रीन कार्ड आहे, त्यांनी मतदार नोंदणीचा अर्ज भरायचाच नाही. चूक बहुधा ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात होते. १९९३ च्या कायद्यामुळे लायसन्सच्या कागदांसोबत मतदार नोंदणीही विचारतात, रांग मोठी असते, आणि भराभर खुणा करताना "मी नागरिक आहे" यावर खूण होते. पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत हे निघालं तर अर्ज अडतो, प्रसंगी देश सोडायची पाळी येते. अशी नोंद झाली असेल तर एकदाही मत न देता लेखी अर्ज करून ती रद्द करवून घ्यावी, रद्द झाल्याचा कागद जपून ठेवावा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं.

आणि इंदूरच्या यादीतलं त्यांचं नाव

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. तरीही मुलाचं नाव वर्षानुवर्षं घराच्या पत्त्यावर यादीत राहतं, कारण काढायला कोणी सांगत नाही. फॉर्म ७ मध्ये "भारतीय नागरिक नाही" असं कारण आहे, ते निवडून तो स्वतः किंवा त्याच मतदारसंघातले आईवडील अर्ज करू शकतात. तसंच राहू दिलं तर ते नाव पन्ना प्रमुखाच्या कागदावरही राहतं, आणि दुसऱ्या कोणी त्या नावावर मत देऊन जाण्याची सोय होते.

भारतीय पासपोर्ट अजून असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फॉर्म ६ अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लावता येतं. सोबत पासपोर्टच्या फोटो-पत्त्याच्या आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती लागतात. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं, आणि नवं मिळत नाही. नाव यादीच्या शेवटी वेगळ्या भागात येतं. मत टपालाने देता येत नाही, स्वतः बूथवर यावं लागतं, आणि तिथे ओळख म्हणून मूळ पासपोर्टच चालतो. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटोही नाही.